बांबूवरचा परकर

कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या म्हणण्यानुसार माझ्या सासूबाईंनी सिडनीतल्या क्वेकर्स हिलमध्ये विनापरवाना झेंडा फडकवला होता. पत्रात तसं पांढऱ्यावर काळं करून लिहिलं होतं. मी ते ओट्याशी उभ्याउभ्या वाचलं आणि हसू यायच्या आधी मला घाम फुटला. कारण तो झेंडा म्हणजे नेमकं काय आहे, हे तोवर जगात आम्हा तिघांनाच माहीत होतं. मला, माझ्या नवऱ्याला, आणि ज्यांच्या कपाटातून तो निघाला त्या सासूबाईंना.

तो त्यांचा परकर होता. साडीच्या आतला. केशरी, सुती, खाली बोटभर झालर, कराडच्या बाजारात घेतलेला आणि धुऊन धुऊन मऊ झालेला.

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी नीट ऐका. त्या परकरावाचून सासूबाई या देशात टिकल्या नसत्या, आणि हे त्यांची सून सांगतेय. सून उगाच कुणाची बाजू घेत नाही.

सासरे गेले तेव्हा नवरा कराडला जाऊन आईला घेऊन आला. लांब मुदतीचा व्हिसा काढला, मागची खोली रंगवली, तिथे टीव्ही लावला. सासूबाई आल्या आणि लाउंजच्या खिडकीत बसल्या. आमची गल्ली म्हणजे बंद गराजांची रांग. सकाळी सातला गाड्या बाहेर, संध्याकाळी सातला गाड्या आत, मधल्या वेळात एखादा कुरिअरवाला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "अगं, घरं तर दिसतात सगळी. माणसं कुठं ठेवलीत?"

मी घरूनच काम करते, एका बँकेचं सॉफ्टवेअर टेस्टिंग. म्हणजे मी घरात असायचे आणि नसायचे. कानात हेडफोन, समोर स्क्रीन, आणि काचेपलीकडे सासूबाई हातवारे करून विचारतायत, चहा टाकू का. आमच्या मुलीला काही विचारलं तर ती इंग्लिशमध्ये उत्तर देऊन वर निघून जायची. दर रविवारी जेवणं झाली की सासूबाई मुलाला म्हणायच्या, "माझं तिकीट काढ बाबा." नवरा "हो आई, बघतो" म्हणायचा आणि घासायला भांडी घ्यायचा. घासायला काही नसलं तरी घ्यायचा.

मग गार्डनचं पत्र आलं. फुटबॉलच्या मैदानामागे कौन्सिलने कम्युनिटी गार्डनला जागा दिलीय, तिथे जुन्या लाकडी ओंडक्यांच्या चौकटी टाकून वाफे केलेत. मी कधीकाळी कोथिंबिरीच्या हौसेने नाव घातलं होतं. नंबर लागेपर्यंत माझी हौस कधीच विरून गेली होती. म्हटलं, आईंना दाखवू तरी.

वाफा दाखवला, आणि बाईंचा नूरच पालटला. मूठभर माती उचलून वास घेतला, म्हणाल्या, "कस नाही हिच्यात. पण बघू." दुसऱ्या दिवसापासून सुरू. अंगावर साडी, साडीवर नवऱ्याची ऑफिसची जुनी हुडी, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट आणि डोक्यावर मैदानात कुणीतरी विसरलेली टोपी. हिवाळा लागत होता. त्यांनी मेथी टाकली, लसूण लावला, घेवड्यासाठी चांगला दीड पुरुष उंच बांबू रोवला. इतका उंच कशाला म्हटलं तर म्हणाल्या, "वेल विचारून वाढतो का?"

तिथेच त्यांना ती भेटली.

ती म्हणजे माल्टाची म्हातारी. लग्न होऊन बोटीने इकडे आलेली, आता नवरा नाही, मुलं ब्रिस्बेनला आणि कुठेकुठे. तिचा वाफा सासूबाईंच्या वाफ्याला लागून. कानाने कमी ऐकू यायचं आणि गुडघे कामातून गेलेले, चालताना पुढे चाकांचा वॉकर. तिच्या वाफ्यात हातभर लांब, जाडजूड शेंगा लागल्या होत्या. ब्रॉड बीन्स. सासूबाईंनी एक शेंग सोलली, दाणा दाताखाली चावला आणि जाहीर केलं, "हा आपला पावटाच. खाऊनपिऊन माजलाय एवढंच." संध्याकाळी उसळ झाली, आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून म्हातारीकडे गेली. म्हातारीने डबा परत दिला तो बडीशेपेच्या जाड गड्ड्याने भरून. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे माल्टातही कळतं म्हणून सासूबाई भयंकर खूश.

त्यांच्या गप्पा ऐकण्यासारख्या असायच्या. सासूबाई कराडची मराठी बोलायच्या, म्हातारी इंग्लिश बोलायची, मध्येच तिची माल्टीज. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघींचं काही अडत नव्हतं. पोटात वायू धरतो इथपासून नवरा कसा गेला इथपर्यंत सगळं बोलून झालं होतं. मी जवळ गेले की मात्र सासूबाईंचा आवाज खाली यायचा. म्हणजे विषय काय असणार ते मी ओळखलं.

आता परकर. एका सकाळी टाकीचा पाइप सुटला आणि सासूबाई कमरेपर्यंत भिजल्या. हुशार बाई, पिशवीत जास्तीचे कपडे ठेवायच्या. अवजारांच्या शेडमध्ये जाऊन बदलल्या आणि ओला परकर बांबूच्या टोकाला अडकवला. वाळेल म्हणून. वारा होता, फडफडायला लागला.

म्हातारीचं घर मैदानापलीकडे चढावर. तिच्या किचनच्या खिडकीतून गार्डन दिसायचं नाही, मध्ये पाण्याची भलीमोठी टाकी. फक्त बांबूचं टोक तेवढं टाकीच्या वर दिसायचं. त्या दिवशी तिला केशरी फडका दिसला, आणि थोड्या वेळाने वॉकर ढकलत ही बाई चहाचा थर्मास आणि दोन कप घेऊन हजर. बांबूकडे बोट, सासूबाईंकडे बोट, मग स्वतःकडे बोट. आणि हसली.

ठरलंच मग. सासूबाई आल्या की परकर वर. परकर दिसला की म्हातारी चढ उतरून खाली. नाही दिसला तर त्या गुडघ्यांना फुकटची वणवण नाही. मी म्हटलं, आई, मी तुम्हाला फोन करून देते ना. सासूबाईंनी माझ्याकडे अशी कीव करून पाहिलं. "तिला ऐकू येत नाही, मला तिचं कळत नाही. फोनवर काय करू, उसासे टाकू?"

तर अशी व्यवस्था. संपूर्ण सिडनीत याहून चोख चालणारी व्यवस्था मी पाहिलेली नाही, आणि ट्रेनबद्दल तर बोलूच नका. रविवारचं तिकीट बंद झालं. हे सगळ्यात आधी नवऱ्याच्या लक्षात आलं. तो कुजबुजला, "तुला जाणवलं का? आई म्हणालीच नाही." मी म्हटलं, बोलू नकोस, दृष्ट लागेल.

लागलीच.

सप्टेंबर आला, फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या फायनल्स आल्या आणि गार्डनमधल्या पुरुषांच्या अंगात आलं. कोपऱ्यातल्या टोमॅटोवाल्या गड्याने आपल्या टीमचा झेंडा वाफ्यात रोवला. समोरच्याने दुसऱ्या टीमचा, आणखी हातभर उंच. मग कुणी देशाचा लावला, कुणी आपल्या आधीच्या देशाचा, आणि एकाने कवटी आणि दोन हाडं असलेला चाचेलोकांचा. त्याला विचारलं तर म्हणे, माझी काही टीम नाही. एका सकाळी कुणाचा तरी झेंडा कुणाच्या तरी कंपोस्टमध्ये सापडला. दोन मोठे बाप्ये गाजराच्या वाफ्यातून एकमेकांच्या अंगावर धावून गेले. झालं. कौन्सिलने नियम काढला. वाफ्यांवर झेंडे, पताका, फलक किंवा तत्सम काहीही लावायचं नाही. लावलं तर दोन नोटिसा, आणि मग वाफा काढून घेणार.

सगळे झेंडे उतरले. सासूबाईंचा परकर राहिला. त्यांना वाटलं, आपला कुठे झेंडा आहे? आणि खरंच होतं ते.

पण एव्हाना एक भानगड झाली होती. आमच्या दुसऱ्या बाजूचा वाफा एका रिटायर्ड अंकलचा. कानपूरचे, मुलाकडे राहणारे, अत्यंत सज्जन माणूस. रोज सकाळी येऊन ते आधी आमच्या वाफ्याकडे तोंड करून डोळे मिटून हात जोडायचे. सासूबाई भारावून गेल्या होत्या. घरी येऊन सांगायच्या, "संस्कार बघ माणसाचे. रोज मला नमस्कार करतो, तोही डोळे मिटून." त्याही उलट नमस्कार करायच्या.

मी एकदा बरोबर गेले तेव्हा नीट पाहिलं. अंकलचे जोडलेले हात सासूबाईंच्या दिशेला नव्हते. जरा वर होते. केशरी फडक्याच्या दिशेला.

अगं आई गं!

मी खाली बसले आणि मेथी उपटायला लागले, जी उपटायची नव्हती. अंकल माझ्याजवळ आले आणि गहिवरून म्हणाले, "बेटा, परदेस में आप लोगों ने भगवा लहराया है. छाती चौड़ी हो जाती है." मी "जी अंकल" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? अंकल, तो माझ्या सासूचा पेटीकोट आहे? त्या माणसाला तिथल्या तिथे काही झालं असतं तर?

नवऱ्याला सांगितलं तर तो गादीवर लोळून हसला, मग एकदम गंभीर झाला. "कुणाला सांगू नकोस हं. आईची लाज जाईल." आमचं तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला.

आणि मग ते पत्र. कुणीतरी तक्रार केली होती की अमुक वाफ्यावर एक राजकीय किंवा धार्मिक झेंडा नियम धाब्यावर बसवून फडकतोय. मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्या बापाचं काय जातंय?" आणि दुसऱ्या दिवशी परकर पुन्हा वर. म्हटलं, दुसरं काही लावू. पांढरा टॉवेल लावून पाहिला, तर कोपऱ्यातला तो टोमॅटोवाला, म्हणजे फुटीवाला, ओरडला, "शरण आलात का?" आणि त्याचा फोटोही कौन्सिलला गेला. परकर पुन्हा चढला आणि दुसरी नोटीस आली. आता वाफा जाणार म्हटल्यावर मीच चिडून तो बांबूवरून काढला, घडी घातली आणि पिशवीत टाकला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. एरवी त्या माझ्या पोळीच्या आकारावरही बोलतात.

परकर उतरला आणि म्हातारी येईनाशी झाली.

पहिले दोन-तीन दिवस सासूबाई टाकीच्या बाजूने मान वळवून बघत बसायच्या. मी म्हटलं, आपण तिच्या घरी जाऊ. तर नाही. "बोलावल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही मी आजवर." शेवटी मीच एका आर्व्होला, म्हणजे दुपारी, कामातून उठून गेले, दोनदा बेल वाजवली. कुणी दार उघडलं नाही. तिला ऐकू येत नाही हे मला गाडीत बसल्यावर आठवलं, पण तोवर मीटिंगची वेळ झाली होती आणि मी निघाले. सासूबाईंना सांगितलं, कुणी घरी नव्हतं. त्या म्हणाल्या, "घरी नसायला तिला कुठं जायचंय? यायचं असतं तर आली असती. पावटे संपले, मैत्री संपली. गरज सरो, वैद्य मरो." आणि घेवड्याला पाणी घालायला गेल्या. पाठमोऱ्या बाईचं पाणी बराच वेळ एकाच ठिकाणी पडत होतं.

त्या रविवारी जेवणानंतर त्या म्हणाल्या, "माझं तिकीट काढ बाबा." या खेपेला नवऱ्याने भांडी घेतली नाहीत. तो बसून राहिला. सासूबाई पुढे म्हणाल्या, "खरंच काढ. तुमचं चांगलंय सगळं. पण इथं मला कुणी वाट बघणारं नाही." मला असा राग आला म्हणून सांगू! कौन्सिलचा, फुटीवाल्याचा, सिडनीतल्या प्रत्येक झेंड्याचा, आणि माझ्या हेडफोनचाही.

दुसऱ्या दिवशी मी कौन्सिलला फोन लावला आणि भांडायच्या तयारीने बसले. पलीकडचा मुलगा इतका नम्र निघाला की माझं भांडण घशातच राहिलं. म्हणाला, नो वरीज, आपण जागेवर येऊन पाहू. आणि हो, वस्तूला धार्मिक किंवा सांस्कृतिक महत्त्व असेल तर सूट देता येते. तेवढं तुम्ही सांगायचं.

म्हणजे सुटलोच की. 'हो, धार्मिक आहे' एवढं म्हटलं की परकर वर, म्हातारी खाली, तिकीट रद्द. नवरा म्हणाला, "ठोकून दे. कोण तपासायला येतंय?" मीही ठरवलं, ठोकून द्यायचं. माझा देव समजूतदार आहे, तो इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकाचा नैवेद्य खातोय. पण ही बातमी अंकलच्या कानावर गेली, आणि अंकलनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला.

पाहणीच्या सकाळी आम्ही गार्डनला पोचलो तर तिथे अंकल, त्यांच्यासारखे आणखी चार-पाच अंकल, दोन आंटी आणि एक ताट. ताटात कुंकू, अक्षता, नारळ. एका बाजूला फुटीवाला हाताची घडी घालून उभा. त्याचं म्हणणं एकच, हिचा राहिला तर माझाही चढणार. मध्ये पिवळं जाकीट घातलेला, हातात टॅबलेट धरलेला कौन्सिलचा मुलगा, बिचारा घामाघूम. त्याला बहुधा झाडं मोजायची नोकरी हवी होती.

त्याने मला विचारलं, ती वस्तू दाखवता का. मी पिशवीतून घडी काढली. अंकलनी पटकन ताट पुढे केलं आणि घडी ताटात ठेवून घेतली. एका आंटींनी तिच्यावर अक्षता टाकल्या.

"हिला धार्मिक महत्त्व आहे का?" मुलाने विचारलं.

"बिलकुल है," अंकल म्हणाले.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी माझा दंड धरला. "काय विचारतोय तो पिवळा?"

"काही नाही आई, मी बघते."

"सांग म्हणते ना."

"तो विचारतोय, हे कापड देवाचं आहे का."

सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं. कुंकू, अक्षता, नारळ आणि मध्ये झालरीची कड. मग अंकलकडे पाहिलं. हळूहळू सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात येत गेला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागे सरकले.

"देवाचं? काहीतरीच काय! अगं, माझा परकर आहे तो!"

त्यांना वाटलं कुणाला समजलं नाही. म्हणून त्यांनी घडी ताटातून उचलली, झटकून उलगडली, अक्षता चहूकडे उडाल्या, आणि नाडीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून सगळ्यांसमोर धरत त्यांना येत होती तेवढी हिंदी वापरली. "भाईसाब, ये हमारा पेटीकोट है. कराडसे लाया. नाडी देखो."

अंकलनी नाडी पाहिली. दूर कुठेतरी काकाकुवे ओरडत होते, तेच काय ते.

"देवाच्या नावावर खोटं बोलून मला वाफा नको," सासूबाई मला म्हणाल्या. "सांग त्याला. वाळत घातला होता."

मी सांगितलं. शब्दाला शब्द. आता लपवायला राहिलं काय होतं?

मुलगा लाल झाला, टॅबलेटमध्ये तोंड खुपसून वरखाली बोट फिरवू लागला. "म्हणजे... हे धुणं आहे?"

"धुणं," मी म्हटलं.

"फ्लॅग नाही."

"पेटीकोटला कुठल्या देशाने फ्लॅग म्हणून घेतलं असेल तर तू मला सांग."

त्याने पुन्हा शोधलं. झेंडे होते, पताका होत्या, फलक होते. धुण्याविषयी कौन्सिलने अवाक्षर लिहिलं नव्हतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर बंदी नाही, असं तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मला त्याला चहा पाजावासा वाटला. फुटीवाल्याने हाताची घडी सोडली. "थांबा," तो म्हणाला, "माझी जर्सीपण ओली आहे." त्या दिवसापासून आमच्या गार्डनमध्ये सगळ्यांचं धुणं वाळतं. चाचेवाल्याने तर कवटीचं चित्र असलेली उशीची खोळ आणलीय.

पण ते नंतरचं. त्या क्षणी अंकल रिकामं ताट धरून उभे होते. सासूबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात. "म्हणजे रोजचा नमस्कार मला नव्हता?"

परकराची लाज त्यांना वाटलीच नव्हती. राग याचा आला होता. मला वाटलं, आता हा माणूस पळून जाणार. पण अंकल खानदानी निघाले. त्यांनी ताट खाली ठेवलं, डोळे मिटले, या वेळी नीट दिशा पकडून हात जोडले आणि म्हणाले, "नहीं नहीं बहनजी. आप ही को था."

"मग ठीक," सासूबाई म्हणाल्या आणि परकर बांबूवर चढवला. नारळ वाया कशाला घालवायचा म्हणून तिथेच फोडला. पांगापांग झाली.

आम्ही थांबलो. वारा छान होता, परकर मस्त फडफडत होता. सासूबाईंनी ओंडक्यावरची माती झटकून दोघींपुरती जागा केली आणि बसल्या. मी मीटिंग कॅन्सल केली. टाकीच्या कडेकडे बघत राहिलो आम्ही दोघी. वॉकरच्या चाकांचा आवाज काही येईना. उन्हं तापली. सासूबाईंनी एकदा मान वळवली, मग वळवायची सोडून दिली. "चल," त्या म्हणाल्या, "उगाच तुझं काम बुडतंय." त्यांचा आवाज ऐकून मला रडू फुटलं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आई, खड्ड्यात गेलं ते आमंत्रण. उठा."

गमबुटातच चढ चढलो आम्ही. मी बेल वाजवली नाही, बाजूने मागे गेले आणि किचनच्या काचेवर थाप मारली.

खिडकीला लागून एक खुर्ची होती, बाहेर तोंड करून ठेवलेली. ओट्यावर थर्मास होता आणि शेजारी दोन कप, तयार. म्हातारी खुर्चीत बसल्याबसल्या डुलकी काढत होती. थापेने दचकली, काचेतून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे पाहिलं. ती दारापर्यंत वॉकरशिवाय कशी आली, मला अजून कळलेलं नाही. तिने सासूबाईंचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि रडत रडत भराभरा बोलायला लागली. हाताचं विमान करून आभाळाकडे नेत होती, पुन्हा पुन्हा.

"काय म्हणते गं ती?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाजही धड नव्हता.

"ती म्हणते, फडकं दिसेना तेव्हा तिला वाटलं, तुम्ही तिला न सांगता इंडियाला गेलात. कायमच्या. तुम्ही म्हणे मागे एकदा असं विमान करून दाखवलं होतं. तरी रोज चहा करून बसायची. एखाद्या दिवशी दिसेल म्हणून."

सासूबाई तिच्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग कपांकडे. मग त्यांनी हुडीच्या बाहीने आधी तिचे डोळे पुसले, नंतर स्वतःचे.

"वेडी आहे का ही?" त्या म्हणाल्या. "सांग तिला. मी कुठं जात नाही. परकर काढला होता नुसता."

मी पहिलं वाक्य सांगितलं. म्हातारीने मान हलवली. सासूबाईंनी मला कोपर मारलं. "सगळं सांगितलंस का?"

मग मी दुसरंही सांगितलं, तिच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. म्हातारी दाराला धरून अशी हसली, अशी हसली, की सासूबाईंना तिला दंडाला धरून खुर्चीत बसवावं लागलं. मग त्याच तिथे उभ्या राहिल्या, थर्मास उघडला आणि दोन कप भरले. मला विचारलंदेखील नाही. मी घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं, तिकीट काढू नकोस.